घरच्या फळांचा गोड गार चहा

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



चैत्र-वैशाखाचे दिवस म्हणजे शेतात कामाला तोटा नाही आणि डोक्यावर ऊन मावत नाही. नांगरट झालेली असते, धसकटं वेचायची असतात, शेणखत पसरायचं असतं, उन्हाळी भुईमुगाची खुरपणी गळ्याशी आलेली असते. दुपारी बारा-एकला माणूस सावलीला टेकला की घसा कोरडा पडलेला असतो. अशा वेळी आपल्याकडे काय प्यायलं जातं? बहुतेक ठिकाणी दुधाचा, दाट, उकळलेला चहा. नाहीतर दुकानातली रंगीत बाटली. नाहीतर गाड्यावरचा बर्फ घातलेला गोळा आणि सरबत. पहिल्याने घाम फुटतो, दुसरीला पैसा लागतो आणि तिसऱ्याने पोट बिघडायची भीती असते.

आज तुम्हाला चौथा मार्ग सांगायचा आहे. चहाची तलफ भागेल, घसा गार होईल, आणि बांधावरची, परड्यातली फळं कामी येतील, असा मार्ग. तो म्हणजे फळांचा रस घातलेला गोड गार चहा. करायला सोपा आहे. मात्र त्यात चार-पाच गोष्टी अशा आहेत की त्या चुकल्या तर चव तर जातेच, प्रसंगी तब्येतही बिघडते. म्हणून कृतीबरोबर त्या गोष्टीही नीट समजून घ्या.

गार चहा ही कल्पना कुठली?

गार चहा म्हटल्यावर काही जण हसतील. ‘चहा गार झाला’ म्हणजे आपल्याकडे तो फेकून द्यायचा! पण अमेरिकेच्या दक्षिण भागात गोड गार चहा हे घरोघरचं पेय आहे. १८७० नंतरच्या दशकातल्या तिकडच्या पाकपुस्तकांतून त्याची कृती सापडते. पुढे १९०४ साली सेंट लुई शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हिंदुस्थानी चहाच्या प्रचारासाठी रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ गेले होते. असं सांगतात की, उकाड्यामुळे गरम चहाकडे कोणी फिरकेना, तेव्हा त्यांनी तो बर्फावर गार करून द्यायला सुरुवात केली आणि लोकांची रीघ लागली. तेव्हा गार चहाच्या प्रसारात आपल्याच मुलखातल्या चहाचा वाटा आहे, बरं का! पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत हे तर आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांचीच सांगड चहाशी घालायची, एवढंच.

मूळ कृती : एक लिटर गार चहा

साहित्य : स्वच्छ पाणी १ लिटर, दाणेदार चहा २ चहाचे चमचे (लांब पत्तीचा असेल तर ३), साखर अर्धी वाटी म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम, मध्यम आकाराची २ लिंबं, मीठ दोन चिमूट. एवढ्यात पाच पेले होतात.

कृती : पाणी खळखळून उकळा. मग भांडं खाली उतरवा आणि उतरवल्यावर त्यात चहा घाला. झाकण ठेवून चार मिनिटं थांबा, लगेच गाळा. गाळलेल्या गरम चहातच साखर आणि मीठ घालून ढवळा. चहा पूर्ण निवला की मग लिंबू पिळा.

आता प्रत्येक पायरीचं कारण सांगतो. दुधाच्या चहासारखा हा चहा चुलीवर रटरटत ठेवायचा नाही. जास्त उकळला की पत्तीतली तुरट द्रव्यं पाण्यात उतरतात. दुधामुळे तो तुरटपणा झाकला जातो, इथे दूध नसल्यामुळे तो थेट जिभेला लागतो. साखर गरम असतानाच घालायची, कारण गार चहात ती लवकर विरघळत नाही, तळाला बसते आणि मग आपण उगाच आणखी घालत राहतो. लिंबू मात्र निवल्यावरच पिळायचं. गरमात पिळलं तर त्याचा ताजा वास उडून जातो.

लिंबू पिळताच चहाचा रंग फिका होतो. घाबरू नका, तो आंबटपणाचा गुण आहे, चहा खराब झालेला नाही. तसंच फार गार केलेला चहा कधी कधी गढूळ दिसतो. गारव्याने तुरट द्रव्यं एकत्र येऊन असं होतं. थोडं उकळतं पाणी घातलं की तो निवळतो. आणि एक सांगायलाच हवं : या चहात दूध अजिबात घालू नका. फळाच्या आंबटपणाने ते फाटतं.

चहापत्तीऐवजी गवती चहा

घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी चहापत्ती नको. गवती चहा घ्या. नावात चहा असला तरी तो चहाच्या झाडाचा नव्हे, ते एक सुवासिक गवत आहे आणि त्यात झोप उडवणारं द्रव्य नसतं. एक लिटर पाण्याला आठ-दहा पाती पुरतात. पाती धुवून, कापून किंवा गाठ मारून पाण्यात टाका, आल्याचा छोटा तुकडा ठेचून घाला, तीन-चार मिनिटं उकळा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. बाकी कृती वरच्यासारखीच.

गवती चहाचं एखादं ठोंब परड्यात असावंच. पावसाळा सुरू होताना जुन्या बेटातलं मुळ्यांसकट ठोंब काढून लावलं की ते सहज जगतं. मात्र फवारणी होणाऱ्या पिकाच्या कडेला, बांधावर वाढलेली पाती चहासाठी घेऊ नका.

कोणत्या फळाचा रस, कसा?

महाराष्ट्रात प्रत्येक भागाला त्याचं फळ आहे. जे आपल्या दारात पिकतं तेच वापरावं.

कोकम : कोकणातल्या बंधूंना हे सांगायला नकोच. घाटावर मात्र वाळलेली आमसुलंच मिळतात. एक लिटर चहाला बारा-पंधरा आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवा, कुस्करा, गाळा आणि हा अर्क निवलेल्या चहात मिसळा. आमसुलात मीठ असतं, तेव्हा वरून मीठ घालण्याआधी चव पाहा. गवती चहाबरोबर कोकम फार चांगलं जुळतं.

संत्रे : विदर्भातल्या बागाइतदारांनी एक भाग रस आणि दोन भाग चहा असं प्रमाण ठेवावं. नागपुरी संत्र्याचा रस उकळला किंवा बिया, चोथा रगडून काढला तर थोड्या वेळाने कडू होतो. म्हणून हलक्या हाताने पिळा, लगेच गाळा, गार चहातच घाला आणि त्याच वेळी प्या. हा रस साठवण्याच्या भरीस घरी पडू नका.

कैरी : मध्यम कैरी उकडून तिचा गर काढा, गुळात कालवा आणि गवती चहात घोळून गाळा. वेलदोड्याची चिमूटभर पूड पुरे. हे म्हणजे चहाच्या अंगाने जाणारं पन्हंच. गुळाने रंग गडद आणि थोडा गढूळ येतो, त्याला हरकत नाही.

डाळिंब आणि करवंद : चिरलेली डाळिंबं बाजारात कोणी घेत नाही, पण आतले दाणे चांगले असतील तर रसाला उत्तम. बुरशी लागलेलं, काळं पडलेलं फळ मात्र टाकूनच द्या. पिकलेली करवंदं कुस्करून, गाळून घ्यावीत. त्यांना साखर थोडी जास्त लागते.

लिंबाचा हंगाम आणि घरची बाटली

आता जरा शेतीच्या अंगाने बोलू. लिंबोणीच्या आंबे बहराची फळं पावसाळ्यात येतात. त्या वेळी बाजारात लिंबं मुबलक असतात, गिऱ्हाईक कमी असतं, आणि कधी कधी तोडणीची मजुरीही निघत नाही. तेच लिंबू एप्रिल-मे महिन्यांत दुर्मिळ होतं. हस्त बहर धरणाऱ्याला तेव्हा फळ मिळतं, पण तो बहर धरायला ऐन पावसात झाडाला ताण बसावा लागतो आणि ते सगळ्यांना साधत नाही. मग ज्याच्याकडे दोन-चारच झाडं आहेत त्याने काय करावं? पावसाळ्यात पडून जाणाऱ्या लिंबांचं सरबत करून बाटल्या भरून ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात त्या चहात घालाव्यात.

प्रमाण असं : लिंबाचा गाळलेला रस १ लिटर, साखर २ किलो, पाणी १ लिटर. एक लिटर रसाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो रसरशीत कागदी लिंबं लागतात. साखर आणि पाणी उकळून पाक करा, फडक्यातून गाळा आणि पूर्ण निववा. मग त्यात रस मिसळा. लिंबू पिळताना बी भरडू देऊ नका, कडवटपणा येतो.

हे सुमारे चार किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास सरबत होतं. महिनोन्‌महिने टिकवायचं असेल तर त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाईट ही खाण्याच्या प्रतीची पूड घालतात. प्रमाण दर किलोला ०.६ ग्रॅम, म्हणजे चार किलोला २.४ ग्रॅम. ती सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, अंदाजाने चमचाभर टाकू नका. थोड्याशा सरबतात विरघळवून मग सगळ्यात मिसळा. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना ही पूड बाधू शकते, त्यांच्यासाठी पूड न घालता केलेलं सरबत शीतकपाटात ठेवून आठ-पंधरा दिवसांत संपवावं.

काचेच्या बाटल्या पाण्यात वीस मिनिटं उकळून, उलट्या ठेवून कोरड्या करा. भरताना वर दोन बोटं जागा सोडा. झाकण घट्ट लावून वितळलेल्या मेणात बुडवा. बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. उन्हाळ्यात एक भाग सरबताला पाच भाग गार, बिनसाखरेचा चहा घाला. एवढ्या सरबतात नव्वदच्या वर पेले होतात. चुलीवर चहा आणि हाताशी बाटली, एवढ्यावर पाहुण्याचं स्वागत होतं.

कोकमाचं तसंच करता येतं. पिकलेल्या रातांब्यांच्या १ किलो सालींना २ किलो साखर घ्या. बरणीत सालींचा एक थर, साखरेचा एक थर असं भरा. रोज हलवा. सात-आठ दिवसांत साखर विरघळून लालभडक रस सुटतो, तो गाळून घ्या. याला मात्र मेटाबायसल्फाईट घालू नका, त्याने लाल रंग उडतो. टिकवायचं असेल तर सोडियम बेंझोएट दर किलोला ०.६ ग्रॅम घालतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या जाती दिल्या आहेत. परड्यात नवीन झाड लावणाऱ्यांनी त्यांची कलमं मिळवावीत. रोपाचं झाड नर निघण्याचा धोका असतो, कलमात तो राहत नाही.

बचत गटातल्या भगिनींना ही सरबतं विकायची असतील तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्या, आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात फळप्रक्रियेचं शिक्षण मिळतं का, याची चौकशी करा.

गार करायचं ते कसं?

गार चहा म्हटलं की बर्फ आठवतो. पण बर्फ कुठला, हे पाहिल्याशिवाय तोंडात घालू नका. मासळी, दूध यांच्या वाहतुकीसाठी जो लादीचा बर्फ कारखान्यात होतो तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणूनच २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम केला गेला. निळसर बर्फ दिसला तर तो पेयात कधीही घेऊ नका, आणि पांढरा दिसला तरी पाणी कुठलं हे विचारा. ‘बर्फात जंतू मरतात’ ही समजूत चुकीची आहे. गारठ्याने ते नुसते निपचित पडतात, बर्फ वितळला की पुन्हा वाढतात. घरी शीतकपाट असेल तर उकळून निववलेल्या पाण्याचाच बर्फ करावा.

शीतकपाट नसेल तरी अडत नाही. आपला माठ आहे ना! मात्र गोड चहा माठात ओतू नका. माठाच्या छिद्रांत साखर आणि आंबट रस शिरला की तो धुऊन निघत नाही आणि माठाला वास येतो. चहा स्टीलच्या झाकणाच्या बरणीत भरा आणि ती बरणी माठातल्या किंवा डेऱ्यातल्या पाण्यात ठेवा. त्यासाठी वेगळा जुना डेरा ठेवा, पिण्याच्या पाण्यात बरणी बुडवू नका. शेतावर नेताना बरणीला ओलं गोणपाट गुंडाळा आणि झाडाच्या सावलीत, वारा लागेल अशा फांदीला टांगा. गोणपाटातलं पाणी उडून जाताना बरणीतली उष्णता घेऊन जातं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. कोकणात हवाच दमट, तिथे गारवा बेताचाच येतो. तिथे विहिरीच्या ताज्या पाण्यात बरणी ठेवणं बरं.

या गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट भांड्याची. आंबट पेय तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. कल्हई नसेल तर ते कळकतं आणि उलट्या, पोटदुखी होते. अॅल्युमिनियमचं भांडंही टाळा. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी वापरा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी तिच्यातून चहा, पाणी, सरबत काहीही न्यायचं नाही. कीटकनाशकाचा अंश प्लॅस्टिकात मुरलेला असतो, वासावरून तो कळत नाही. आणि लहान मूल बाटली ओळखून फसतं : आज जिच्यातून सरबत प्यायलं तशीच बाटली उद्या औषधाची असली तर? असे डबे भोकं पाडून निकामी करा. फळंही फवारणीनंतर लेबलावर सांगितलेले दिवस गेल्यावरच तोडा आणि धुऊन घ्या.

तिसरी गोष्ट शिळेपणाची. सकाळी केलेला गार चहा संध्याकाळपर्यंत संपवा. पाणी न उकळता उन्हात चहापत्ती भिजत ठेवून चहा करायची रीत काही जण सांगतात, ती करू नका. कोमट पाण्यात जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. चहा तारेचा झाला, फेस आला किंवा वास बदलला तर मोह न धरता ओतून द्या.

चौथी गोष्ट जेवणाची. चहा जेवणाबरोबर घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागत नाही. गरोदर बायका आणि ज्यांना रक्त कमी आहे त्यांनी जेवणाआधी व नंतर तासभर चहा टाळावा. गवती चहाला ही अडचण नाही. मधुमेह असलेल्यांनी साखर, गूळ दोन्ही वगळून लिंबू-मीठ घातलेला चहा घ्यावा. गूळ चालतो अशा समजात राहू नये.

उन्हाचा तडाखा आणि हा चहा

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. गार चहा तहान भागवतो, हुशारी आणतो, पण तो औषध नाही. शेतात काम करताना साधं पाणी दर अर्ध्या तासाने पीतच राहिलं पाहिजे. दुपारी बारा ते चार जड काम टाळावं.

जुलाब-उलट्या होत असतील तर चहा देऊ नका. तिथे जलसंजीवनीच हवी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा आणि थोडं थोडं पाजत राहा. प्रमाण वाढवू नका.

आणि उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, अंग तापून भट्टी झालं, झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात समजा. त्याला लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात चहा, पाणी काहीही घालू नका, ते श्वासनळीत जातं. अशा वेळी अर्धा तास घालवणं म्हणजे माणूस घालवणं.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. पाणी उकळून खाली उतरवा, मग चहा घाला. चार मिनिटांत गाळा.
२. साखर गरमात, रस गारात. दूध नाही.
३. मुलांना गवती चहाच द्या.
४. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच. निळा बर्फ वर्ज्य.
५. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. औषधाचा डबा कदापि नको.
६. त्याच दिवशी संपवा.
७. पावसाळ्यातल्या स्वस्त लिंबांचं सरबत करून उन्हाळ्यासाठी ठेवा.

बंधू-भगिनींनो, फळ दारचं, गवत परड्यातलं. विकत घ्यायची ती थोडी साखर आणि चिमूटभर चहा. येत्या रविवारी घरी एकदा लिटरभर करून पाहा, चवीप्रमाणे साखर-लिंबू कमी-जास्त करा आणि जमलं की शेतावर कामाला येणाऱ्या माणसांनाही द्या. आपल्या बांधावर राबणारा माणूस उन्हात सुखरूप राहिला, तर त्यासारखं पीक नाही.

रामराम!